गव्हाणी किती फुल्यांची?

क्रॉस स्टिचचा नमुना निवडताना आपण आधी चित्र बघतो. बघायला हवं ते कॅलेंडर. नाताळसाठी काही करायचं असेल तर हे फारच खरं, कारण डिसेंबरात निवडलेला नमुना डिसेंबरातच संपायला हवा. फार तर 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत ओढता येईल, त्यापुढे तो कपाटात जातो आणि कपाटात गेलेलं भरतकाम सहसा परत बाहेर येत नाही.

वऱ्हाडातल्या घरांना हे काम नवं नाही. ज्यांनी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टाक्यांची वही केली आहे, त्यांच्या वहीत धावटाका, साखळीटाका, गहूटाका यांच्यानंतर कुठेतरी फुलीचा टाका आहेच. मॅटीच्या कापडावर लोकरीनं किंवा रेशमी दोऱ्यानं भरलेले राजहंस, पोपटांची जोडी, ‘सुस्वागतम्’, गणपती हे सगळं रुखवतात मांडलं जायचं. लग्नाची तारीख ठरली की मुलगी, तिची मावशी, शेजारच्या दोघी अशा सगळ्या मिळून ते संपवायच्या. रुखवताची एक गोष्ट मात्र चांगली होती. तारीख पक्की असायची, त्यामुळे नमुना निवडताना कुणी हवेत उडत नसे. अमुक मोराला किती दिवस लागतात, हे घरातल्या मोठ्या बाईला ठाऊक असायचं आणि ती स्पष्ट सांगायची.

आता सांगणारं कुणी नसतं. मोबाइलवर चित्रं दिसतात, एकाहून एक देखणी. बर्फात बुडालेलं लाकडी घर, धुराडं, खिडकीतला पिवळा उजेड, दारात सांबरासारखी जनावरं जोडलेली गाडी. शेजारची सून परवा तसलंच चित्र घेऊन आली.

“काकू, मले हे बरफातलं घर कराचं हाय. नाताळच्या आंधी व्हाले पायजे.”

“मंग नाई होत ते पोरी. पुढच्या वर्साचं धर.”

तिला वाटलं, मी तिच्या हाताला नावं ठेवते. मी फक्त हिशोब करत होते.

हिशोब असा. आयडा कापडाच्या पुड्यावर 14 लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात 14 चौकटी, म्हणजे 14 फुल्या. आपल्याकडे मीटरवर मिळणाऱ्या मॅटीची वीण दुकानागणिक वेगळी असते, म्हणून तिच्यावर पट्टी ठेवून इंचातल्या चौकटी स्वतः मोजून घ्याव्यात. दहा इंच रुंद आणि चौदा इंच उंच असं गव्हाणीचं चित्र, पूर्ण भरलेलं, आकाशसुद्धा कोरं न सोडलेलं, आडव्या 140 आणि उभ्या 196 फुल्यांचं होतं. एकूण 27,440. सरावलेला हात तासाला शंभराच्या आसपास फुल्या घालतो, नवशिक्याच्या साठ-सत्तर झाल्या तरी पुष्कळ. शंभर धरल्या तरी पावणेतीनशे तासांचं काम. घरातलं सगळं आवरून, टीव्ही बंद करून, रोज एक तास बसलं तर नऊ महिने.

नऊ महिने मागे मोजले की 25 मार्च येतो. चर्चच्या दिनदर्शिकेत हा कुठला दिवस, हे ख्रिस्ती वाचकांना सांगायला नको. देवदूतानं मरियेला ती आई होणार असल्याची वार्ता दिली, तो सण 25 मार्चलाच असतो. कुणीतरी जुळवून आणावा असा हा हिशोब, पण जुळवलेला नाही. इंच आणि चौकटी गुणल्या की तो आपोआप तिथे जातो. गव्हाणीतलं बाळ सुईनं भरायचं, तर तेही नऊ महिने मागतं.

म्हणून मी मोठ्या चित्रांच्या विरोधात नाही. डिसेंबरात सुरू केलेल्या मोठ्या चित्रांच्या विरोधात आहे.

आता चित्राकडे. बर्फाशी माझं भांडण नाही, ज्यांच्या अंगणात पडतो त्यांनी जरूर भरावा. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. डिसेंबरात रात्री गारठतात, शेकोट्या पेटतात, चिखलदऱ्याला तर दात वाजतात. पण बर्फ? आपल्याकडच्या नाताळच्या देखाव्यात बर्फ म्हणून काय पसरतात ते आठवा. कापूस. गवताच्या छपरावर कापूस, झाडाच्या फांद्यांवर कापूस. ज्या दिवसांत वऱ्हाडात कापसाची वेचणी चालू असते, बायकांच्या कमरेला ओट्या बांधलेल्या असतात आणि जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग लागलेले असतात, त्याच दिवसांत त्याच कापसाला बर्फाचं सोंग घ्यावं लागतं. हा कापूस काही कमी नावाजलेला नव्हता. अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून तो लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाई. खामगावच्या कापूस बाजारासाठी रेल्वेचा फाटा टाकला गेला, तेव्हा 1870 साली त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्या मानाच्या पिकाला निदान सुईनं तरी कापूस म्हणूनच भरावं, असं मला वाटतं. उमललेलं बोंड ही क्रॉस स्टिचला फार सोयीची आकृती आहे. पांढऱ्याच्या चार पाकळ्या, मध्ये राखाडी छटेची एकेक फुली, खाली तपकिरी वाळकी साल. तीन-चार रंग. नाताळच्या हिरव्या डहाळीवर लाल फळांच्या जागी ही बोंडं बसवून बघा.

दुसरं संत्रं. युरोप-अमेरिकेत नाताळच्या मोज्याच्या टोकाशी संत्रं ठेवायची जुनी रीत आहे. संत निकोलसनं गरीब मुलींच्या घरात सोन्याच्या मोहरा टाकल्याची कथा सांगतात, त्या मोहरांची आठवण म्हणून हे सोनेरी फळ. तिकडच्या थंडीत संत्रं म्हणजे लांबून आलेली चैन. आपल्या वरूड-मोर्शीला, अचलपूर-चांदूर बाजारला आंबिया बहाराचं संत्रं याच सुमाराला उतरतं आणि रस्त्याच्या कडेला ढिगानं असतं. तिकडे जे कौतुकानं मोज्यात ठेवत, ते आपण टोपलीनं घरी आणतो आणि भरतकामाला मात्र जंगली फळं शोधतो. एक गोल संत्रं, दोन पानं, नारिंगीच्या दोन छटा आणि उजेडासाठी फिक्या पिवळ्याच्या पाच-सहा फुल्या. दोन संध्याकाळींचं काम.

याला कुणी हट्ट म्हणेल. नाताळला काय शोभतं हे परंपरेनं ठरलेलं आहे, त्यात वऱ्हाड कशाला घुसडायचं? पण परंपरा बघायला गेलं तर प्रत्येकानं आपापलंच घुसडलं आहे. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवल्याचं आहे. बैल आणि गाढव तिथे उभे होते असं एका अक्षरानं नाही. ते पुढच्या लोकांनी यशयाच्या ग्रंथातल्या बैल-गाढवाच्या उल्लेखावरून आणून उभे केले. 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसनं नाताळचा देखावा मांडला, तेव्हा गावातलाच जिवंत बैल आणि गाढव आणलं. मग आपल्या गव्हाणीजवळ शिंगं रंगवलेला वऱ्हाडी बैल आणि पुढ्यात कडब्याची पेंढी असली, तर बिघडलं कुठे? गव्हाण म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, हाच मोठा फायदा.

डेन्मार्कमध्ये गेल्या शतकात गेर्डा बेंग्टसन नावाच्या बाईंनी क्रॉस स्टिचसाठी आपल्या देशातली रानफुलं, गवतं, बेऱ्या अशा काही नेमक्या आखल्या की त्यांचे नमुने जगभरच्या बायकांनी भरले. कुंपणावर जे दिसतं तेच त्यांनी चौकटीत बसवलं. आणि ज्या भूमीत ख्रिस्त जन्मला, त्या पॅलेस्टाइनमधल्या बायकांचं भरतकाम तर मुख्यतः फुलीच्याच टाक्याचं. गावागावाच्या पोशाखावरची नक्षी निराळी. डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोनं त्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. खुद्द बेथलेहेम गाव मात्र दोरा कापडावर मांडून शिवण्याच्या वेगळ्या कामासाठी प्रसिद्ध, फुलीसाठी तितकं नाही. पण पॅलेस्टाइनमधल्या फुलीच्या नक्षीत आठ टोकांचा एक तारा फिरून फिरून येतो आणि त्याला बेथलेहेमचा तारा म्हणतात. चौकटीच्या कापडावर हा तारा इतका सहज बसतो की वाटावं, कापडच त्याच्यासाठी विणलं असेल. उभ्या-आडव्या आणि तिरप्या रेघा, वाकडेपणा कुठेच नाही. तीन इंचांच्या चौकोनात पाच-सहाशे फुल्यांत तो पुरा होतो. पुन्हा हिशोब करा. पाच-सहा तास.

यंदा काय करावं, असं मला कुणी विचारलं तर मी हाच तारा सांगते. पाचपाकळी कागदी चांदणी दारावर लागणारच आहे, कापडावर आठ टोकं असू द्या.

इतक्या लांबही जायला नको खरं म्हणजे. वाशीम 1 जुलै 1998 ला वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तो अकोल्यातच होता, पोहरादेवीसकट. तिथल्या आणि आसपासच्या तांड्यांवरच्या जुन्या बंजारा बायकांच्या कांचळीवर, फेटियाच्या पट्ट्यावर, पिशव्यांवर बघा. खानदेश-निमाड-वऱ्हाडच्या पट्ट्यातल्या बंजारा कामात कापडाचे धागे मोजून घातलेली फुली ठळक दिसते. ना छापील आलेख, ना पेन्सिलची खूण. आई घालते ते लेक बघते आणि घर मोजत जाते. आपण ‘क्रॉस स्टिच’ हा शब्द शिवणाच्या पुस्तकातून शिकलो म्हणून ती विलायती कला वाटते. ती इथेच होती, तांड्यावर. आपण तिच्याकडे कला म्हणून पाहिलं नाही, एवढंच.

मिशनच्या वाटेनं जी सुई वऱ्हाडात आली, तिचा इतिहासही सुखाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम अकोल्याला रुजलं होतं. 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुलामुलींना अकोला-खामगावकडच्या त्यांच्या आश्रमांत आसरा मिळाला. मुलींना लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणटिपण शिकवायचं, हा त्या काळच्या अशा संस्थांचा नेमच होता. हौस म्हणून त्या मुलींनी सुई धरली नव्हती, पोट भरता यावं म्हणून धरली होती. आज आपण फावल्या वेळात चांदण्या भरतो तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं. पुढे 1955 साली अमरावतीचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. वऱ्हाडातली ख्रिस्ती घरं संख्येनं थोडी, पण नाताळ जवळ आला की त्यांच्याही स्वयंपाकघरात करंज्या आणि शेव तळली जाते, आणि फराळाचं ताट शेजारी जातं.

माझा खरा नमुना या ताटात आहे. ताट झाकायला रुमाल लागतो. पांढऱ्या दोसुतीचा हातभर चौकोन, कडेला साधी दुमड आणि एकाच कोपऱ्यात तो आठ टोकांचा तारा, किंवा संत्रं, किंवा बोंड. भिंतीवर लावायच्या चित्राला फ्रेम लागते, काच लागते, जागा लागते. रुमालाला काही लागत नाही. तो धुता येतो, वापरता येतो आणि शेजारी जातो. आपल्याकडे कुणी ताट रिकामं परत करत नाही, चिमूटभर साखर का होईना त्यात येते. त्या साखरेवर झाकण म्हणून तुमचा तारा घरी परत येतो, कधीकधी हळदीचा डाग घेऊन.

डागावरून आठवलं, लाल दोरा. नाताळ म्हणजे लाल आणि हिरवा, आणि पांढऱ्या कापडावर सगळ्यात दगाबाज तो लालच. काम संपवून रुमाल पाण्यात घातला की गुलाबी ओघळ. दोरा घेतल्यावर आधी पांढऱ्या चिंधीला तो ओला करून दाबून बघावा, रंग लागला तर दुसरा घ्यावा. चांगला दोरा मर्सराइज्ड सुताचा असतो. सुतावर कॉस्टिक सोड्याची क्रिया करण्याचं पेटंट जॉन मर्सर या इंग्रजानं 1850 साली घेतलं, आणि ती क्रिया सूत ताणून धरून केली की रेशमासारखी चमक येते हे 1890 च्या सुमारास लक्षात आलं. त्यासाठी लांब धाग्याचा कापूस लागतो. आपला जुना ऊमरा आखूड धाग्याचा, म्हणून फ्रान्सच्या म्युलूझ गावी 1746 पासून चालत आलेल्या डीएमसीसारख्या कंपन्यांच्या लड्यांमध्ये त्याला जागा नव्हती. असो.

लडी सहा पदरी असते, आठ मीटरची. 14 च्या कापडाला त्यातले दोन पदर पुरतात. एकेक पदर वेगळा ओढून काढावा आणि मग दोन जुळवावेत. दोन्ही एकदम ओढले तर गुंता ठरलेला. सुई बोथट टोकाची, 24 नंबरची. कापडाची चौघडी घालून मधोमध जी खूण पडते तिथून सुरुवात करावी, कोपऱ्यातून नाही, म्हणजे नमुना कडेला जाऊन अडकत नाही. आधी डावीकडून उजवीकडे सगळ्या तिरप्या रेघा घालत जावं, परत येताना त्यांच्यावर उलट्या तिरप्या. वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकलेला हवा. एखादी फुली उलटी पडली तर जवळून कळत नाही. दोन हात लांब धरलं की तीच तेवढी दिसते. दर पाच-सात फुल्यांनी सुई मोकळी सोडावी, ती गिरक्या घेत दोऱ्याचा पीळ सोडवते. आणि मागे गाठ मारू नये. दोऱ्याचं टोक आधीच्या टाक्यांखाली सरकवावं. फ्रेममधल्या चित्राची मागची बाजू झाकून जाते, रुमालाच्या मात्र दोन्ही बाजू दिसतात, म्हणून रुमाल करणाऱ्या बाईचा हात लवकर सुधारतो.

एक इशारा. हल्ली कुठलाही फोटो दिला की मोबाइल त्याचा क्रॉस स्टिचचा आलेख करून देतो. बाळाचा फोटो, चर्चचा फोटो, काहीही. त्यात पन्नास-साठ रंग निघतात आणि एकेका रंगाची एक फुली इथे, एक तिथे. दर फुलीला दोरा बदलायचा. अशा आलेखाला नवशिक्यानं हात लावू नये. त्यापेक्षा आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळीची वही काढावी. तेरा ते एक ठिपक्यांत बसवलेली कमळं, कंदील, चांदण्या जिला डोळे मिटून येतात, तिला चौकटीच्या कागदावर आपला नमुना स्वतः आखणं अवघड नाही. गृहिणींची एवढी मोठी आलेखविद्या घराघरात असताना आपण बर्फाची घरं विकत घेतो, हे मला पटत नाही.

तेव्हा यंदा एक रुमाल, एक कोपरा, एक तारा. शेजारच्या सुनेनं शेवटी संत्रं घेतलं, आणि तेही दोनदा उसवलं. ज्यांना गव्हाणीच भरायची आहे, बैलासकट आणि कडब्यासकट, त्यांनी आखणी आत्ता करून ठेवावी, मॅटी धुऊन आटवून घ्यावी आणि सुई 25 मार्चला ओवावी. नाताळपर्यंत पावणेतीनशे दिवस मिळतात आणि रोज एक तास बसलं तर ते पुरतात.